2023 चे तुमचे आवडते अल्बम कुठले?

टिळकवाडीकर: बेळगावात अख्खा अल्बम सलग ऐकणारं कोण उरलंय काय? सुटं गाणं नको, अल्बम सांगा. माझा पहिला नंबर ‘शक्ती’ या फ्यूजन बँडच्या ‘धिस मोमेंट’ला. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. 1977 नंतर तब्बल 46 वर्षांनी या मंडळाचा स्टुडिओ अल्बम आला! शंकरची सरगम आणि गिटार एकमेकांच्या मागं धावायला लागली की खानापूर रोडचं ट्रॅफिकसुद्धा चालतं मला. गिटारचा आवाज मात्र कधीकधी फार सिंथेसायझरसारखा वाटतो. तेवढं खटकलं.

निपाणीचा पाव्हणा: ‘महाराष्ट्र शाहीर’. अजय-अतुल म्हटल्यावर विषय संपला. ‘बहरला हा मधुमास’वर एवढी रील्स बघितली, तरी श्रेयाचा आवाज आला की हात थांबतो.

खानापूरची: मी कन्नड सांगूलाले, रागावू नका. ‘सप्त सागरदाचे एल्लो’, संगीत चरण राज. सिनेमाच दोन भागांत, साइड ए आणि साइड बी, कॅसेटवानी. घरात आई म्हणते, भाषा कळत नाही पण परत लाव.

टिळकवाडीकर: रागावतंय कोण? अर्धं बेळगाव दोन्ही भाषांत भांडतंय की. साइड बी पण तेवढीच जमलीय काय?

खानापूरची: ए जास्त गोड, बी जड. ए आधी ऐक, नाहीतर कायबी कळायचं नाही.

निपाणीचा पाव्हणा: आणि हेडफोन लावून ऐका ओ, फोनच्या स्पीकरवर नको.