टेबलाच्या पुढच्या कडेचं पॉलिश मऊ पडलंय

प्रश्न:
लेकीसाठी सागवानी अभ्यासाचं टेबल मी स्वतः केलं. वासाचा त्रास नको म्हणून वॉटरबेस्ड पीयू (पाण्यातलं पॉलियुरेथेन पॉलिश) घेतलं, हार्डनर (कडक होण्यासाठी त्यात मिसळायचं द्रव्य) नसलेलं. ब्रशने ३ कोट मारले आणि चौथ्या दिवशी टेबल वापरायला दिलं. आठ महिने झालेत. मधला भाग टणक आहे, पण पुढे जिथे तिची मनगटं टेकतात तिथे वीतभर पट्टा चिकट झालाय. वही उचलताना चर्र आवाज येतो. नखाने ओढलं की पॉलिश मळासारखं वळ्या होऊन निघतं. पुसते मी रोज, काचेच्या स्प्रेने. लाकूड ओलं होतं का?

उत्तर १:
ताई, लाकूड ओलं असतं तर फक्त हाताखालीच कसं बिघडलं असतं? हा घाम आणि त्वचेचं तेल. खुर्चीचे हात, कपाटाच्या मुठी, जिन्याचा कठडा, सगळीकडे हेच पाहतोय मी. बिनहार्डनरच्या पीयूत पाणी उडालं की बारीक कण एकमेकांत मिसळून थर बनतो, पण आतली वीण सैलच राहते. तेल त्यात मुरतं. काचेच्या स्प्रेत अमोनिया असेल तर त्यानेही थर मऊ होतो. तो आजच बंद करा.

उत्तर २:
चौथ्या दिवशी वापर ही घाईच झाली. तासा-दोन तासांत हाताला सुकलेलं लागतं, पक्कं व्हायला ३-४ आठवडे जातात. थरही पातळ बसतो, ४-५ कोट हवेत.

प्रश्नकर्ती:
मग पट्ट्यावरच आणखी दोन कोट मारू?

उत्तर १:
नको, मऊ थरावर नवा थर टिकत नाही. स्क्रेपरने लाकडापर्यंत काढा. मऊ थराने सँडपेपर लगेच चोंदतो. मग १८० आणि २२० नंबरचा सँडपेपर मारा. ओलसर फडक्याने पुसा, तंतू उभे राहतील, सुकल्यावर ३२० हलकेच फिरवा. स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा बोळा) मात्र अजिबात नको! त्याचे कण मागे राहून गंजतात आणि सागवानावर काळे ठिपके उठतात. सागवान तेलकट, म्हणून आधी मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्या. वर हार्डनरवालं पीयू. हातमोजे, मास्क आणि उघड्या खिडक्या हव्यातच. हार्डनर घातल्यावर डब्यावर दिलेल्या वेळेत संपेल तेवढंच कालवा.

प्रश्नकर्ती:
पट्टा काढला. खाली दोन्ही मनगटांच्या जागी लाकूड काळपट झालंय, १८० ने अर्धं गेलं. उरलेलं घासून काढते, मगच शेलॅक. या वेळी महिनाभर टेबलावर काही ठेवू देणार नाही.