माझ्याच अधिकारातलं कर्ज, तरी फोन करून विचारायचं. काय करू?

तळ्यात_मळ्यात: मी बँकेत ब्रँच मॅनेजर. सोमवारी व्हीसी (व्हिडिओ मीटिंग) आहे, लवकर सांगा. नवे आरएम (रीजनल मॅनेजर, आमचे साहेब) आल्यापासून प्रत्येक फाईल आधी फोनवर विचारायची, मगच सँक्शन. माझ्या पॉवरमधलीसुद्धा! वर रोज दहाला शटर उघडल्याचा फोटो ग्रुपवर. परवा एका दूधवाल्याला दोन म्हशींच्या कर्जासाठी 'विचारून सांगतो' म्हणालो. तो म्हणाला, 'मग तुम्ही हितं कशाला बसलाय?' तेव्हापासून सहीचं पेन उचलवत नाही. साहेबांशी बोलू कसं?

गवतीचहा: कुठली बँक, सरकारी की सहकारी? स्केल, म्हणजे अधिकाऱ्याची श्रेणी, कोणती?

तळ्यात_मळ्यात: सहकारीत आरएम असतात का हो? सरकारी. स्केल टू, ग्रामीण शाखा.

निवृत्त_काका: ३४ वर्षं काढली. फोन ठेवला की लगेच मेल टाकायचा, 'आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार अमुक प्रस्ताव मंजूर करत आहे.' कर्ज थकलं की तोंडी होकार कुणालाही आठवत नाही.

उंबरठा: काका, आमच्या ह्यांनी अस्साच मेल टाकला होता. पंधरा दिवसांत बदलीची ऑर्डर.

निवृत्त_काका: बदली आज ना उद्या व्हायचीच. चार्जशीट परवडेल का?

पाटीपेन्सिल: साहेबही घाबरलेलेच असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने ५० कोटींपर्यंतच्या एनपीए (थकीत) खात्यांसाठी स्टाफ अकाउंटेबिलिटीचे, म्हणजे कर्ज थकल्यावर कर्मचाऱ्याची जबाबदारी ठरवण्याचे नियम आणले, १ एप्रिल २०२२ पासून लागू. फसवणुकीची प्रकरणं सोडून. खातं एनपीए झाल्यापासून सहा महिन्यांत चौकशी उरकायची, प्रामाणिक निर्णयाला संरक्षण. सर्क्युलर घेऊनच जा.

उंबरठा: हो, सर्क्युलर दाखवल्यावर साहेब चहाच पाजतील.

सोनचाफा: पीककर्ज विनातारण किती मिळतं सध्या? बाबांचं नवं-जुनं करायचंय.

पाटीपेन्सिल: १ जानेवारी २०२५ पासून २ लाख. वेगळा धागा काढा हो.

गवतीचहा: आरएमना तुमच्याच शाखेची शंका का, ते सांगितलंच नाहीत. की सगळ्यांनाच फोन करायला लावतात?

तळ्यात_मळ्यात: फक्त आम्हाला. आधीच्या मॅनेजरची चौकशी चालू आहे. पण मी तिथे सहा महिन्यांपूर्वी आलोय, माझा काय संबंध?

निवृत्त_काका: अरे राजा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! त्यांचा राग खुर्चीवर आहे, तुझ्यावर नाही. एकदा शाखेत बोलाव, तू केलेल्या पाच फाईली समोर ठेव, गोठ्यावर ने, म्हशी दाखव.

तळ्यात_मळ्यात: काका, ते व्हीसीला कॅमेरासुद्धा बंद ठेवतात. गोठ्यावर कुठले येतात!