जुनी इंडिका डिझेल: २०डब्ल्यू-५० घालू की १५डब्ल्यू-४० वरच राहू?

जुळेसोलापूरकर:

नमस्कार मंडळी. वडिलांची २००६ ची इंडिका व्ही२ आहे, डिझेल, टर्बो नसलेली. एमएच-१३. पंधरा वर्षं झाल्यावर रिपासिंग करून घेतलं. पावणेदोन लाखांच्या वर फिरली आहे. विकायचा विषय काढला की वडील ताटावरून उठतात, तेव्हा गाडी राहणार हे धरूनच सल्ला द्या.

रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी. अधूनमधून बार्शी, आणि नवरात्रात घरचे सगळे कोंबून तुळजापूर.

अडचण अशी. सकाळी सुरू केली की पांढरा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. पाच-सात मिनिटांत जातो. दुसरं म्हणजे गाडी चांगली तापल्यावर आसरा चौकात सिग्नलला उभी राहिली की ऑइलची लाल लाईट मिणमिणते. रेस दिली की विझते. आधी दोन सर्व्हिसिंगच्या मधे लिटरभर ऑइल वरून घालावं लागायचं. यंदा तेही लागलेलं नाही. वडील म्हणतात इंजिन आपोआप सेट झालं.

मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० आहे आणि आजवर तेच घालतोय. एक मेस्त्री म्हणाला, जुनी गाडी आहे, २०डब्ल्यू-५० घाला, लाईट बंद. दुसरा म्हणाला फुल सिंथेटिक घाला, इंजिन लोण्यासारखं चालेल. स्पेअर पार्टवाल्याचं म्हणणं, ट्रकच्या ऑइलची बादली घ्या, स्वस्तात पडेल. आता कोणाचं ऐकू?

विजापूररोड_ट्रॅव्हल्स:

२०-५० घाला मालक, डोकं लावू नका. मेमध्ये आपल्याकडे ४४ डिग्री होतं. पुण्या-मुंबईच्या गाड्यांचं ऑइल इथं पाणी होतं पाणी. माझ्या सुमोला जाड ऑइल घातलं तेव्हापासून लाईट बघितली नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्यानं सोलापूरचा उन्हाळा काढलाय का?

वंगणशास्त्री:

माहेर साखर पेठेतलं, नोकरी पुण्यात वंगण तपासणाऱ्या लॅबमध्ये. म्हणजे ४४ डिग्री मलाही माहीत आहे. पण दादा, तो आकडा गाडीबाहेरच्या हवेचा. इंजिन चालू असताना आतलं ऑइल साधारण ९० ते ११० डिग्रीला असतं, बाहेर डिसेंबर असो की मे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर नीट असतील तर इंजिन स्वतःचं तापमान सांभाळतं. उन्हाळ्यात काटा वर जात असेल तर रेडिएटरची जाळी आणि कूलंट बघायचं. ते दुखणं ऑइल बदलून जात नाही.

डब्यावरच्या आकड्यांचं थोडक्यात सांगते. मागचा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० डिग्रीला मोजतात. ४० चं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (हे घट्टपणाचं माप) बसतं, ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये. पुढचा, डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० डिग्रीला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. एवढी थंडी सोलापूरला जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेतसुद्धा पडत नाही, त्यामुळे इंजिन फिरेल का ही चिंता नको. पण पहाटे ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत जितकं लवकर पोचेल तितकं बरं, आणि जाड ऑइलला तिथं पोचायला वेळ लागतो.

सिंथेटिकचं म्हणाल, तर ५डब्ल्यू-४० तापल्यावर १५डब्ल्यू-४० च्याच पट्ट्यात असतं. ते पातळ असतं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ज्या इंजिनात ऑइल कुठं जातंय याचाच पत्ता नाही, त्यात महागडं ऑइल ओतून उपयोग काय?

एक प्रश्न विचारते. वरून घालणं बंद झालं म्हणता, मग ऑइल मोजायच्या दांडीवर लेव्हल जिथल्या तिथं आहे की वाढली आहे?

पंपनोझलवाले_काका:

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. माझा प्रश्न तोच होता.

मी ऑइल विकत नाही. मेस्त्रीही नाही. उभा जन्म पंप आणि नोझलच्या बेंचवर गेला, त्यामुळे गाडीचं दुखणं कुठंही असलं तरी मी आधी डिझेलचा वास घेतो. तुमच्या प्रश्नात दोन ओळी जवळजवळ आहेत, त्या पुन्हा वाचा. लिटरभर ऑइल खाणारी गाडी अचानक खायची थांबली, आणि त्याच वेळी लाईट मिणमिणायला लागली. पावणेदोन लाख फिरलेल्या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंगा आपोआप नव्या होत नसतात हो. ऑइल अजूनही जळत असणार. जेवढं जळतंय तेवढं डिझेल खाली उतरून भरपाई करतंय, म्हणून दांडी भरलेली दिसते. ताकात पाणी वाढत चाललंय आणि तुम्ही विचारताय दही कुठल्या डेअरीचं आणू.

हे होतं कसं ते सांगतो. नोझलचं काम डिझेलचा धुरासारखा बारीक फवारा मारायचं आणि खटकन बंद व्हायचं. सुई आणि तिची बैठक झिजली किंवा मधे कचरा अडकला की ते नीट बंद होत नाही, टोकाला थेंब धरतं. इंजिन थंड असताना हा थेंब जळत नाही. थोडा सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातो, तोच तुमच्या डोळ्यांना लागतो. बाकीचा लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. जाता जाता लायनरवरची ऑइलची फिल्म धुऊन नेतो ते वेगळंच.

आमच्याकडे हँड टेस्टरवर नोझल लावून दांडा मारतात. चांगलं नोझल कर्र कर्र बोलतं, फवारा सरळ आणि सारखा पडतो, दाब उतरल्यावर टोक कोरडं. खराब नोझल मुकं असतं. फवाऱ्याऐवजी धार मारतं, आणि दांडा सोडल्यावर टोकाला थेंब लोंबतो. बघायला या कधी, पण हात फवाऱ्याखाली घालू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराचं बोट सुजून काळं पडलं होतं.

आता तुम्ही घरी काय करायचं? रात्रभर सपाट जागी उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करता दांडी काढा. वास घ्या. जुन्या ऑइलला करपट वास असतो, डिझेल मिसळलं असेल तर पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतं. मग दांडीचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि कागद हलवू नका. संध्याकाळी बघा. मधे काळा डाग असणारच, डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं होतं, त्यावरून ते संपलं असं नसतं. डागाच्या बाहेर फिकट, तेलकट कडं लांब पसरलं असेल तर संशय पक्का.

तिसरं, गाडी तापल्यावर न्यूट्रलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ प्रत्येक जुन्या गाडीत येते. पण झाकण टणाटण उडत असेल, धूर फसफसत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली येतोय, रिंगांचं काम निघालंय. तसं असेल तर २०-५० नं फार तर काही महिने ढकलता येतील.

सुमोवाल्या मालकांना राग येऊ नये, पण लाईट विझणं आणि दुखणं जाणं यात फरक आहे. जाड ऑइलनं प्रेशर वर गेलं, लाईट गेली, आणि नोझल तसंच गळत राहिलं, तर जाड ऑइलही पातळच होत जाणार. ती लाल लाईट प्रेशर फार खाली गेल्याशिवाय लागत नाही. तिच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल मीटर लावून तापलेल्या इंजिनाचं प्रेशर मोजून घ्या. कधी कधी नुसता स्विच खराब निघतो, तेवढ्यावरच भागतं.

हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे, तेही तपासा. एखादा मेला असेल तरी सकाळी असाच पांढरा धूर येतो.

वंगणशास्त्री:

काकांच्या म्हणण्याला आकडे जोडते. १५डब्ल्यू-४० मध्ये शंभराला पाच भाग डिझेल मिसळलं तरी त्याचा घट्टपणा उतरून ते ३० च्या पट्ट्यात जाऊ शकतं. म्हणजे डब्यावर ४० आणि चेंबरमध्ये ३०. आम्ही लॅबमध्ये फ्लॅश पॉइंट बघतो, म्हणजे कितव्या डिग्रीला वाफ पेट घेते ते. ताज्या ऑइलचा २०० डिग्रीच्या वर असतो. आपल्या पंपावरच्या डिझेलला किमान ३५ पुरतो. त्यामुळे थोडी भेसळसुद्धा लगेच उघडी पडते.

आणि बादलीवाल्या ऑइलबद्दल. ट्रकचं म्हणून नाक मुरडू नका. जुन्या डिझेल कारला ते चालतं, फक्त ग्रेड १५डब्ल्यू-४० हवी आणि मागे एपीआयची (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची) सी-वाली, म्हणजे डिझेलची, श्रेणी बघायची. सीएफ-४ ही १९९० ची, सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची. डिझेलच्या याच रांगेतली नंतरची श्रेणी जुनीच्या जागी चालते, म्हणून सीआय-४ मिळालं तर डोळे झाकून घ्या. नुसतं एस-वालं, म्हणजे पेट्रोलचं, घेऊ नका.

इंडिका घेतली तेव्हा सोलापुरात मिळणाऱ्या डिझेलमध्ये ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५०० भाग) गंधक चालायचं. २०१० मध्ये बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) आलं ते पहिल्या तेरा शहरांत, आणि त्या यादीत आपलं सोलापूर होतं, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. तेव्हा मर्यादा ५० वर आली, एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. गंधक कमी म्हणजे ऑइलमध्ये आम्ल कमी. तुमच्या गाडीला आज जे डिझेल मिळतंय ते तिच्या तरुणपणापेक्षा चांगलं आहे.

विजापूररोड_ट्रॅव्हल्स:

राग कशाला, काका. पण माझी सुमो अजून पळतेय एवढं लिहून ठेवा. 😄 उद्या सकाळी दांडीचा वास घेतो.

जुळेसोलापूरकर:

काका, ताई, दोघांचे आभार. दांडी बघितली. लेव्हल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे, आणि आम्ही थेंबही घातलेला नाही. वास इतका स्पष्ट की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं कोणी रॉकेल सांडलं. कागदावर कडंही आलं. झाकण उघडल्यावर थोडी वाफ आली, पण ते उडत नाही.

वडिलांना दाखवलं. ते गप्प आहेत. चहा झाल्यावर म्हणाले, "नोझल काढायला लाव."

पण घराजवळचा मेस्त्री म्हणतोय, आधी जुनं ऑइल काढून डिझेल टाकून इंजिन फ्लश करतो, मग नवं घालतो. करू का? आणि कोणतं नोझल गळतंय हे चारही न काढता कळतं का?

पंपनोझलवाले_काका:

डिझेलनं फ्लश अजिबात नको. जे बाहेर काढायला निघालोय तेच आत ओतायचं? थोडं तरी आत राहतंच, शिवाय जुना गाळ सुटून ऑइल पंपाच्या खालच्या जाळीत जाऊन बसतो. लेव्हल वर गेलेली आहे, तोवर गाडी लांब नेऊ नका.

कोणतं नोझल ते कळतं. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपची नट थोडी ढिली करायची, खाली चिंधी धरायची. ज्याच्यावर इंजिनाचा आवाज पडत नाही तो सिलिंडर नीट काम करत नाही. हे तुमच्या जुन्या पंपाच्या गाडीवरच. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीवर कोणी करू नका, तिथं दाब हजार बारच्या वर असतो, जिवावर बेतेल. पण एवढं फिरल्यावर मी म्हणेन चारही काढा आणि बेंचवर बघून घ्या, एक दुरुस्त केलं की महिन्यात दुसरं बोलतं.

काम या क्रमानं होऊ द्या: आधी नोझल, मग ऑइल आणि फिल्टर. उलट केलंत तर नवं ऑइल आठवड्यात बाटेल. ऑइल १५डब्ल्यू-४० सीआय-४, पंपावरून किंवा डीलरकडून सीलबंद. रस्त्याकडेचा फुटकळ डबा नको, बाजारात डुप्लिकेट आहे. डब्यावर लिहिलेलं सगळं न ओतता दांडीच्या दोन खुणांमध्ये ठेवा. मग पंधरवड्यानं दांडी बघा. लेव्हल थोडी खाली आली असेल तर घाबरू नका, तुमची गाडी ऑइल खाते हे आपल्याला आधीपासून माहीत आहे.

जुळेसोलापूरकर:

मेस्त्री म्हणतोय नोझलखालचे जुने वॉशर तापवून परत बसवतो, पैसे वाचतील.

पंपनोझलवाले_काका:

नवेच टाकायला लावा. चहापाण्याइतका खर्च आहे, आणि जुन्या वॉशरवरून कॉम्प्रेशन गळायला लागलं की सगळं पुन्हा खोलावं लागतं. बसवताना खालची जागा घासून स्वच्छ करायला सांगा, कार्बनवर वॉशर बसत नाही.