पट्टा, पळणारे आणि सायकलवाले : तुमच्या रस्त्यावर काय चालतं?

पहाटफेरी (पुणे)
पाऊस सरला की आमच्याकडचे पहाटेचे रस्ते गजबजतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणणारे आणि कुत्री फिरवायला निघालेले, सगळे साडेपाच ते सातच्या दरम्यान एकाच रस्त्यावर. फूटपाथ दुचाक्या आणि टपऱ्यांनी आधीच अडवलेला, त्यामुळे सगळी जत्रा डांबरावर. खटके उडणारच.

मी स्वतः पळतो आणि घरी लॅब्राडोर कुत्री आहे, आमची लॅब, म्हणजे दोन्हीकडची बोलणी मलाच. माझं मत आधीच सांगून टाकतो. कुत्रा चावरा आहे म्हणून पट्टा बांधायचा नसतो. तो चावरा आहे की लाडोबा, हे समोरून येणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो, म्हणून बांधायचा.

आपापले अनुभव लिहा. शक्यतो पाळीव कुत्र्यांबद्दलच. भटक्यांवर भांडायला इतर धागे आहेत.

गियर तिसरा (पुणे)
माझा कुत्र्याशी काही वाद नाही, पट्ट्याशी आहे. बटण सोडलं की लांबत जाणारा तो बारीक दोरीचा पट्टा असतो ना, तो. पाषाणच्या बाजूला उतारावरून येत होते, नीट उजाडलेलं नव्हतं. डाव्या कडेला एक गृहस्थ फोनवर बोलत उभे, उजव्या कडेला त्यांचं गोल्डन रिट्रीव्हर कुत्रं झुडपं हुंगतंय. मधली दोरी मला दिसलीच नाही. पुढचं चाक अडकलं, मी हँडलवरून खांद्यावर आपटले, गळ्याखालचं हाड मोडलं. सायकलवाल्यांचं हे नेहमीचं हाड, डॉक्टरांनी फोटो काढायच्या आधीच सांगितलं.

ते गृहस्थ धावत आले ते "तो काही करत नाही हो" म्हणतच. खरंच काही करत नव्हता बिचारा. माझं हेल्मेट चाटत बसला होता. त्यांना म्हटलं, काका, त्याने नाही केलं, तुम्ही केलंत. दवाखान्यात मात्र त्यांनीच नेलं आणि घरचे येईपर्यंत थांबले, तेही सांगायला हवं.

सुपारी फुटली
"तो काही करत नाही" हे वाक्य टी-शर्टावर छापून प्रत्येक कुत्र्याला घालावं. +१.

शेफर्डचा बाबा (नाशिक)
दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे जर्मन शेफर्ड आहे. ही मेंढ्या राखणारी जात. जे हलतं त्याच्यामागे जायचं आणि त्याला वळवायचं, हे रक्तातच. मागून कोणी आवाज न करता पळत आलं आणि हातभर अंतरावरून सुसाट गेलं की तो झेप घेणार. तुमचा राग आहे म्हणून नाही, तुम्ही पळताय म्हणून. त्यात कानात गाणी. मी "थांबा" म्हणून ओरडलो तरी ऐकू जात नाही.

माझ्यापुरती पद्धत अशी: पट्टा हातभरच मोकळा, कुत्रा कायम भिंतीच्या बाजूला, मी रस्त्याच्या बाजूला. पळणारा दिसला की थांबायचं, त्याला खाली बसवायचं, नाकासमोर चण्याएवढा चिकनचा तुकडा धरायचा आणि "इकडे बघ". माणूस पुढे गेला की तुकडा तोंडात. पिल्लू असल्यापासून रोज हेच केलं. आता पळणारा दिसला की साहेब आधी माझ्या खिशाकडे बघतात. पळणाऱ्यांकडे एकच मागणं आहे, मागून येताना "येतोय हो" एवढं म्हणा. सायकलला घंटी लावा, महागाच्या सायकलींना ती नसतेच.

गियर तिसरा
घंटीचं मान्य आहे, दादा. माझ्या सायकलला होती. दोरीला ऐकू येत नाही.

अंगणवेल (ठाणे)
पट्टा कोणाच्या हातात आहे, यावर कोणी बोलत नाही. आमच्या संकुलात मालक झोपलेले असतात आणि रॉटवायलर फिरवतो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. कधीकधी एका हातात तीन पट्टे. कुत्र्याचं वजन त्याच्याइतकं. कुत्र्याने ओढलं की पोरगाच त्याच्यामागे फरपटत जातो. परवा एका आजींच्या अंगावर उडी पडली, तर बोलणी त्या पोराला. मालकीणबाई बाल्कनीतून "अरे, सांभाळता येत नाही का तुला?" मी खालूनच विचारलं, तुम्हाला येतं का, ते एकदा खाली येऊन दाखवा. तेव्हापासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

कलमकसाई
कायद्याचं थोडं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच २८९ होतं, दंड हजार रुपये. पुण्यात पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवानाही लागतो. तो काढलेले किती, हे आपापल्या सोसायटीत विचारून बघा, करमणूक होईल.

सुपारी फुटली
हे कलम घेऊन चौकीत गेलं की "मिटवून टाका आपसात" असं उत्तर मिळतं. स्वानुभव.

डॉक्टरीणबाई (सातारा)
मारामारी थांबवून एक ऐका. दात लागला किंवा नखाने रक्त आलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. तीन मिनिटांतच माणसाला वाटतं की झालं. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. आमच्याकडे अजूनही मिरची भरून येतात, मग ती जखम साफ करताना रुग्ण आणि आम्ही दोघंही रडतो.

मग लस. दंडात घेतली तर पहिल्या इंजेक्शनचा दिवस ० धरून ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८व्या. जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, इम्युनोग्लोब्युलिन. ते आठवणीने विचारा. "कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिलीय" या भरवशावर घरी बसू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण त्यासाठी आपली लस थांबवायची नसते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

लांबपल्ला (सांगली)
धागाकर्त्यांची माफी मागून वस्तीवरच्या कुत्र्यांबद्दल लिहितो, त्यांनाही मालक असतोच. आम्ही ब्रेवे करतो, म्हणजे सायकलवर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. अंधारात निघावं लागतं आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी स्वागताला कुत्री. नवखा माणूस जोरात पॅडल मारतो आणि तिथेच फसतो. आपण पळालो की त्यांना चेव येतो. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, डोळ्याला डोळा न देता चालत राहायचं. त्याची हद्द संपली की तो आपणच मागे फिरतो.

एकदा पहाटे मायणीच्या अलीकडे धनगरांचा तळ होता. वाघरीच्या, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या, बाहेरून दोन दांडगी कुत्री सरळ अंगावर आली. मी सायकल आडवी धरून उभा. घोंगडीतून एक म्हातारबा उठलेसुद्धा नाहीत, पडल्या पडल्या जिभेने टकटक केलं फक्त. दोन्ही जागच्या जागी बसली. "जावा, न्हाई येत," म्हणाले. शहरातल्या चाळीस हजारांच्या पिल्लांना असं ऐकताना मी पाहिलेलं नाही.

पहाटफेरी
माफी कशाला, असेच अनुभव हवेत. माझी लॅब टकटक केलं की फ्रीजकडे जाते.

हिमवाट (हानोफर, जर्मनी)
आमच्या राज्यात, म्हणजे नीडरझाक्सनमध्ये, पहिल्यांदा कुत्रा घ्यायचा तर परीक्षा द्यावी लागते. लेखी आधी, मग कुत्र्यासोबत प्रत्यक्ष. वर त्याचा विमा सक्तीचा, चिप सक्तीची आणि नगरपालिकेचा वार्षिक कर वेगळा. १ एप्रिल ते १५ जुलै रानात-शेतात कुत्रा पट्ट्यावरच ठेवायचा, कारण तेव्हा पक्ष्यांची अंडी-पिल्लं आणि हरणांची पाडसं असतात.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. "तो काही करत नाही" हे मी इथे जर्मनमध्येही ऐकलंय, त्याच सुरात. फरक पुढे पडतो. सायकलवाला पडला तर विम्याचा क्रमांक मागतो, मालक देतो, आवाज चढत नाही. आपल्याकडे निदान हा विमा तरी सोसायटीच्या नियमांत यावा असं वाटतं.

मुकादम (डोंबिवली)
शी उचला. बाकी काही नको. बूट बाराशेचे आहेत.

अंगणवेल
आमच्याकडे दिवाळीनंतर एक गोष्ट करून पाहिली. आतल्या गोल रस्त्यावर पळणारे घड्याळाच्या दिशेने, कुत्रेवाले उलट दिशेने आणि भिंतीच्या कडेने. मागून कोणी येतच नाही, दोघंही एकमेकांना लांबून दिसतात. त्या रॉटवायलरच्या पोरालाही रस्ता बदलायला वेळ मिळतो. सकाळचं भांडण बरंच कमी झालंय. संध्याकाळी मात्र लहान मुलं सायकली घेऊन उतरतात आणि त्यांना दिशा-बिशा काही नसते. त्यावर कोणी काही केलं असेल तर सांगा.

शेफर्डचा बाबा
मुलांना आम्ही कुत्र्याजवळ येताना सायकलवरून उतरायला शिकवलं. बक्षीस म्हणून "इकडे बघ"चा तुकडा त्यांच्या हातून द्यायचा. आता उतरायला सांगावं लागत नाही, रांग लावतात. चिकनचा खर्च वाढलाय.