मदत हवी आहे : क्लॅटमधलं गृहीतक मुलांना कसं शिकवावं?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत बारावीची मराठी माध्यमाची मुलं क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताहेत. 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, साधारण 450 शब्दांचे उतारे, तेही फक्त इंग्रजीत. उतारा समजतो, अडतं ते गृहीतकापाशी. 'कापसाचे भाव पडले, म्हणून शेतकरी सोयाबीनकडे वळतील.' यात 'सोयाबीन कापसापेक्षा परवडेल' हे न बोललेलं गृहीतक. मुलं त्यालाच निष्कर्ष समजतात. पर्याय उलटा करा, म्हणजे नकारार्थी करून पाहा, युक्तिवाद कोसळला तर तेच गृहीतक, हे सांगून झालं. जमतं, पण चारही पर्याय उलटवण्यात वेळ फार जातो. दोन पर्याय आधीच कसे कापावेत? अन् प्रश्न आधी वाचावेत की उतारा? (राज्याची विधी प्रवेशाची सीईटी मराठीतही देता येते हे माहीत आहे, प्रश्न क्लॅटचाच आहे.) छापील सरावसंच सुचवा, गावात नेटचा भरवसा नाही.