मदत हवी आहे : तापलेले इंजिन कधीकधी सुरू होत नाही

माझ्याकडे कार्ब्युरेटर असलेली जुनी पेट्रोल मोटार आहे. थंड इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू होते. परंतु लांबच्या प्रवासानंतर गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा किल्ली फिरवली, तर कधीकधी स्टार्टरमधून (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरमधून) केवळ ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते व त्या क्षणी हेडलाइटही मंद होत नाहीत, म्हणून सोलेनॉइडचे (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) झिजलेले संपर्क, स्टार्टरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश किंवा इग्निशन स्विचकडून येणारी तार यांवर माझा संशय आहे. मेकॅनिक नवा स्टार्टर सुचवतात, पण कारण निश्चित झाल्याशिवाय भाग बदलणे मला पटत नाही. दोष उद्भवलेला असतानाच मल्टिमीटरने कोणत्या टोकांवर, कोणत्या क्रमाने व्होल्टेज मोजावे आणि इंजिनाची अर्थिंग (इंजिनापासून बॅटरीकडे वीज परत नेणारी जोडणी) कशी तपासावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.