प्रति: युरोपातले पत्रकार सुरक्षित आहेतच की!

युरोपातले पत्रकार सुरक्षित आहेत, कारण तिथे त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, असं काही जण म्हणतात; हे म्हणणं मला अर्धंच पटतं. माल्टा या युरोपीय देशातल्या शोधपत्रकार डाफ्ने कारुआना गालित्सिया यांना १६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाडीत बॉम्ब ठेवून मारलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पण त्याआधी कायदाच त्यांच्यावर उलटवला गेला होता. मृत्यूच्या वेळी त्यांच्यावर बदनामीचे ४०हून अधिक दावे चालू होते. त्यांतले कित्येक पुढे नवऱ्याच्या आणि मुलांच्या गळ्यात पडले, याची मला आजही चीड येते. असे दावे जिंकण्यासाठी नसतातच. तारखा आणि वकिलाची फी यांनी माणूस थकवायचा असतो.

भ्रष्टाचार उघडकीला आणण्याचं त्यांचं अर्धवट राहिलेलं काम १८ माध्यमसंस्थांच्या ४५ पत्रकारांनी मिळून पुढे नेलं, हे मात्र फार मोलाचं.

२०२४ मध्ये युरोपीय संघाने अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम. निराधार दावा सुरुवातीलाच फेटाळण्याची सोय त्यात आहे. पण तो फक्त सीमापार प्रकरणांपुरता आहे. स्थानिक मंत्र्याने किंवा बिल्डरने स्थानिक पत्रकाराला त्याच देशातल्या कोर्टात खेचलं, तर त्याला संरक्षण द्यायचं की नाही हे त्या त्या सरकारवर सोडलंय.